लेकरांचा हात न लागलेलं चॉकलेट

चॉकलेटात जाणारी साखर कुणाच्या घामाची, हे तपासायला कंपनीच्या मॅडम वाशी तालुक्यातल्या उसाच्या फडात आल्या. तोडणीवाल्या बायांच्या हातावर एकेक चॉकलेट ठेवत म्हणाल्या, “आमच्या मालाला कुठंच लेकरांचा हात लागलेला नसतो. वेष्टनावर तसा शिक्काच असतो.”

मुकादम बजरंग छाती फुगवून पुढं आला. “आमच्या टोळीत बी एक लेकरू घावायचं न्हाई, मॅडम. बघा हुडकून! काखंला तान्हं न्हाई, कुणी पोटुशी न्हाई. एका बाईचा एक खाडा न्हाई!”

मॅडमनी खूश होऊन कागदावर खूण केली. “वा! कसं काय जमवलंत हे?”

बजरंग नुसताच हसला. ते हसणं बघून त्या बायांतल्या द्वारकाबाईच्या मस्तकात तिडीक गेली. तिनं आपल्या चोवीस वर्षांच्या सुनेला, शिवांजलीला, दंडाला धरून मॅडमपुढं उभं केलं.

“त्याला काय इचारता, बाई? खाडा पडू नये म्हणून आमच्या समद्यांच्या गर्भाच्या पिशव्या काढून आणल्यात ह्यानं, आन् हिच्यासाठी उद्याची गाडी सांगितलीया मुडद्यानं!”