सगळे एकदमच

सभागृहातले दिवे लावून सुभानराव म्हणाले, “थोडं थांबू या, निरुपमाताई. दांडिया बाजारातली आपली माणसं उशिराच येतात.” ते बडोद्याच्या मराठी मंडळाचे चिटणीस. अर्धं मंडळ आज एका रिसेप्शनला गेलंय, हे त्यांना ठाऊक होतं. थोड्या वेळानं त्यांनाही तिकडूनच फोन आला. “नुसतं तोंड दाखवून येतो,” म्हणून ते गेले, आणि रिकाम्या खुर्च्यांसमोर निरुपमा उभी राहिली. मागे पडद्यावर तिच्या व्याख्यानाचं नाव होतं : ‘यंत्रांची बुद्धी आणि माणसाचा शेवट’.

अगदीच कोणी नव्हतं असं नाही. पंख्याखाली एक वयस्कर गृहस्थ बसले होते, मांडीवर कापडी पिशवी घेऊन. लक्ष्मीकांत, कोयलीच्या रिफायनरीतून निवृत्त, अशी ओळख त्यांनी आपणहून करून दिली.

“काका, रद्द करू या का? तुम्हाला एकट्याला कशाला ताटकळत ठेवायचं?”

“मला घाई नाही,” ते म्हणाले. “तुम्ही बोला.”

तिनं पडदा बंद केला आणि त्यांच्यासमोर खुर्ची ओढून घेतली. बंगळुरूला ती हीच, माणसासारखा विचार करणारी यंत्रं तपासायचं काम करत असे. तिथं जे दिसलं त्यानं झोप उडाली, म्हणून सगळं सोडून ती बडोद्याला परत आली होती. हे सांगायला लागली की लोक हसत, नाहीतर विषय बदलत. जवळच्या मैत्रिणींचे फोनही हळूहळू बंद झाले होते. लक्ष्मीकांत मात्र तिचं प्रत्येक वाक्य नीट ऐकून घेत होते.

“आमच्या कंट्रोल रूममध्ये दाब वाढला की प्लांट आपोआप बंद पडायचा,” ते मधेच म्हणाले. “यांना तसं बंद करता येत नाही?”

“आज येतं. उद्या ही यंत्रं आपल्याहून हुशार झाली आणि बंद व्हायचं नाही असं त्यांनीच ठरवलं, तर काय, ते कोणालाच सांगता येत नाही. त्यांचा आपल्यावर राग असेल असंही नाही, काका. त्यांना जे करायचं असेल, त्याच्या आड आपण येऊ, एवढंच.”

“आणि मग माणसं संपतील.”

“संपू शकतील.”

लक्ष्मीकांतांनी जरा विचार केला. “सगळी एकदमच?”

“म्हणजे?”

“म्हणजे एक गेलं आणि एक मागे राहिलं, असं नाही ना?”

“नाही. मागे कोणीच राहणार नाही.”

“मग बरं आहे की,” ते म्हणाले. बस वेळेवर आहे असं कळल्यावर माणूस म्हणतो, तसं. “आमची नलिनी गेली, आता वर्ष होईल. भाजीवाल्याशी गुजराती बोलतो, वॉचमनशी हिंदी. मराठी बोलायला घरात कोणी नाही. मराठीत व्याख्यान आहे असं वाचलं, म्हणून आलो. विषय काय ते इथं आल्यावर बघितलं.”

हसणाऱ्यांसाठी निरुपमाकडे उत्तरं होती, चिडणाऱ्यांसाठी होती. हा माणूस तर खुशीनं हो म्हणत होता. पण वाद घालायची सवय जुनी, तिनं विचारलंच, “तुम्हाला मुलं?”

“मुलगी आहे. मेलबर्नला असते. तिचा मुलगा आता धरून धरून उभा राहतो.”

“मग तोही, काका.”

पिशवीचा बंद लक्ष्मीकांतांनी बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

“तो नको,” ते म्हणाले. “त्याला अजून बोलता पण येत नाही.”

असा खरोखर घाबरलेला एक तरी श्रोता मिळावा, म्हणून निरुपमा गावोगाव हिंडली होती. आज तो समोर बसला होता आणि तिला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

“मग मी काय करायचं म्हणता?”

“लोकांशी बोला. जितक्या लोकांना हे कळेल तितकं...”

“कोणाशी बोलू?” त्यांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच नाव हवं होतं.

निरुपमानं रिकाम्या खुर्च्यांकडे बघितलं.

“बरं, आवजो,” असा गुजरातीत निरोप घेत ते उठले. जिन्याशी थांबून त्यांनी खिशातून फोन काढला, हातात धरला. “तिकडे आता मध्यरात्र उलटली असेल,” ते स्वतःशीच म्हणाले आणि फोन परत खिशात ठेवून कठड्याला धरत खाली उतरले.

निरुपमानं लॅपटॉप पिशवीत भरायला घेतला. मग तो तसाच टाकून, दिवे-पंखे चालू ठेवून, ती जिना उतरली. रस्त्यावर रविवारच्या संध्याकाळची गर्दी होती. फरसाणच्या दुकानापुढे तिनं त्यांना गाठलं.

“काका, हे होईलच असं नाही.” तिला धाप लागली होती. “पुष्कळ जाणकार माणसं म्हणतात, असलं काहीसुद्धा होणार नाही. ते सांगायचं राहिलं.”

त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं.

“मला बरं वाटावं म्हणून सांगताय?”

दोघांच्या मधून एक स्कूटर हॉर्न वाजवत गेली. ती पुढे जाईपर्यंत निरुपमा थांबली.

“नाही,” ती म्हणाली. “मला बरं वाटावं म्हणून.”