चांदीच्या रांगेत

"आता सोन्याचे!" गावच्या फुटबॉल क्लबच्या चिटणीस एर्मेलिंडाबाईंनी माइकवरून पुकारलं, तसा अदेरितो उठला आणि कोटाची बटणं लावून स्टेजच्या कडेला उभा राहिला. क्लबचे सभासद म्हणून ज्यांनी पन्नास वर्षं काढली, त्यांच्या छातीवर सोन्याचा बिल्ला लावायचा, हे आज त्याचं काम होतं. क्लबच्या वाढदिवसाला दर ऑक्टोबरात हा सोहळा व्हायचा, आणि यंदाचा पाहुणा म्हणून त्याला लिस्बनहून बोलावलं होतं.

ओळख दणक्यात झाली होती. याच गावच्या मैदानावर वाढलेला, मधल्या फळीचा राजा, परदेशात सहा वर्षं, देशाचा शर्ट, दोन चषक. टाळ्याही पडल्या. बाईंनी सगळं सांगितलं, एक गोल तेवढा गाळला.

तो गोल सभागृहात प्रत्येकाला पाठ होता. नदीपलीकडच्या क्लबकडून खेळताना, हंगामाच्या शेवटच्या सामन्यात, अदेरितोनं याच गावच्या जाळीत चेंडू मारला आणि गावचा क्लब खालच्या विभागात गेला. गोल मारला, तेही लोकांनी एकवेळ पोटात घातलं असतं. पोटासाठी खेळतो माणूस. पण जुन्या क्लबावर गोल झाला की दोन्ही हात वर करायचे, मान खाली घालायची आणि मुकाट मागे फिरायचं, एवढी रीत शेंबड्या पोरालाही कळते. हा पठ्ठ्या धावत सुटला तो थेट गावच्या लोकांपुढे, आणि तिथे उभा राहून त्यानं शर्टावरच्या परक्या चिन्हाचा मुका घेतला. त्या लोकांत त्याचे वडील बसले होते.

त्यानंतर वडील त्याच्या एकाही सामन्याला आले नाहीत. भांडलेही नाहीत. फोनवर हवापाणी आणि आईचे गुडघे, बस्स. माफी मागायची म्हटली की ती पुढच्या नाताळावर जायची, असे पंचवीस नाताळ गेले. आज मात्र अदेरितोनं मनाशी ठरवलं होतं. वडील सभासद झाले ते त्याच्या जन्माच्या आदल्या वर्षी, आणि त्याला आता एकोणपन्नास, म्हणजे यंदा त्यांचा सोन्याचा. आपल्या हातानं लावू, गळ्यात पडू, आणि न बोलता सगळं मिटून जाईल. भित्र्या माणसाचाच बेत, पण त्याला तो फार आवडला होता.

एकेक म्हातारा वर आला. मासळीबाजारातला रामिरो आला, काठी टेकत पोस्टातला जुना कारकून आला. शेवटच्याला बिल्ला लागला आणि बाईंनी कागद मिटला.

"बाई," अदेरितो कुजबुजला, "बाबांचं नाव राहिलं."

"राहिलं नाही."

"अहो, पन्नास वर्षं झाली त्यांना!"

बाईंनी माइकवर हात ठेवला. "तुझा तो गोल झाला ना, त्याच संध्याकाळी तुझ्या बापानं, झेफेरिनोनं, सभासदाचं कार्ड आणून माझ्या टेबलावर ठेवलं. म्हणाला, माझ्या घरातल्यानंच क्लबच्या तोंडाला काळं फासलं, आता इथे कुठल्या तोंडानं बसू? त्याच ऑक्टोबरात त्याला चांदीचा मिळायचा होता रे, पंचवीस वर्षांचा!"

"मग?"

"मग काय? क्लब खाली गेला, मैदान ओस पडलं, वर्गणी भरायला कुत्रं फिरकेना. त्याच सप्टेंबरात हा आला आपला. मी म्हटलं, घे तुझा जुना नंबर, कोणाला कळतंय? ऐकेल तर शपथ. नव्यानं नाव घातलं आणि शेवटचा नंबर घेऊन गेला."

"मला कोणी सांगितलं नाही."

"तू विचारलंस कधी?" बाई म्हणाल्या आणि माइककडे वळल्या. "आता चांदीचे!"

या गावात पोर जन्मलं की बाप दवाखान्यातून आधी क्लबात जातो, पोराचं नाव घालायला. त्यामुळे चांदीची रांग म्हणजे सगळी पंचविशीतली पोरंपोरी. कोणाच्या मानेवर गोंदलेलं, कोणाची जीन्स गुडघ्यावर फाटलेली, ढकलाढकली चाललेली. आणि त्यांच्या मधोमध, लग्नातला काळा कोट घालून, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झेफेरिनो.

"आजोबा, तुमची रांग मघाशीच गेली की!" त्यांच्या मागची इरिया म्हणाली. "डुलकी लागली होती का?"

"नाही गं पोरी," झेफेरिनो म्हणाले. "मी जरा उशिरा जन्मलो."

रांग खो खो हसली. पुढच्या बाकावरचे सोनेवाले मात्र हसले नाहीत, ते आपापल्या बुटांकडे बघत बसले. अदेरितोची कानशिलं तापली. म्हाताऱ्यानं चारचौघांत शिवी हासडली असती तरी त्यानं ती खाली मान घालून घेतली असती. पण बाप अजूनही त्याची चूक झाकत होता, आणि ते त्याला सोसवेना.

वडील समोर येऊन उभे राहिले. देशासाठी पेनल्टी मारताना न डगमगलेला माणूस, पण पिन काही केल्या कोटातून पार होईना.

"बाबा, मी चुकलो."

"मागे पोरं खोळंबलीत. लाव."

"मला ठाऊक नव्हतं बाबा, तुम्ही..."

"लाव म्हटलं ना. आणि सरळ लाव."

एकदाचा लागला. झेफेरिनोंनी हनुवटी छातीला टेकवून बिल्ला नीट निरखून पाहिला. मग मुलाच्या गालावर हलकेच दोनदा थोपटलं.

"बरं झालं आलास," ते म्हणाले. "सोन्याचा लावायलाही तूच ये."

आणि फोटोसाठी पोरांच्या घोळक्यात जाऊन उभे राहिले.