निखारा

गिरिजाबाईंना सुनेचं कौतुक किती करू आणि किती नको असं व्हायचं. "आमची शिवकन्या जळतं लाकूड हातानं सारती, पण तोंडातून हूं का चूं न्हाई," असं त्या आळीभर सांगत.

त्या दिवशी गिरिजाबाई कुंभार पिंपळगावच्या बाजाराला गेल्या होत्या. दुपारी पारावर नर्सबाई आल्या आणि त्यांनी बायांना महारोगाची चित्रं दाखवली. "हाताला चटका कळत नसला तर तो हा रोग असू शकतो. घाबरू नका, गोळ्या फुकट आहेत, बराबर घेतल्या तर पूर्ण बरा होतो." शिवकन्याला पहिल्या वाक्यापुढचं काही ऐकूच आलं नाही. तिच्या चुलतजावेला याच रोगापायी माहेरी नेऊन घातलं होतं, ती परत आलीच नव्हती.

संध्याकाळी तिनं चुलीतला निखारा उचलला आणि मुठीत घट्ट धरला. कातडं जळाल्याचा वास आला, पण हाताला काहीच कळलं नाही. ती हमसून हमसून रडायला लागली.

बाजारातून आलेल्या गिरिजाबाईंनी दारातूनच विचारलं, "काय झालं गं? चटका बसला का काय?"



"हो आत्याबाई," ती पदरात तोंड लपवत म्हणाली, "लई बसला."