गाठ हृदयाकडे

आप्पा गेले त्याच्या आदल्या सकाळी ते बेळगावच्या कॅम्पातल्या घरी नेहमीसारखे प्रार्थनेला उभे राहिले. डावखुरे असल्याने तेफिलीनची, म्हणजे आत धर्मवचनं असलेली, चामडी डबी ते उजव्या दंडावर बांधत. पलटणीबरोबर बगदादेत असताना तिथल्या यहुदी कारागिराकडून ती मुद्दाम तशी, पट्ट्याची गाठ उलट्या बाजूला घेऊन, करवून घेतली होती. मुंबईहून आलेला माझा थोरला भाऊ, दादा, म्हणाला, "आप्पा, डाव्या हातावर बांधतात. मुंबईतले बगदादी यहुदी आपल्याला हसतात, तेलाचे घाणे चालवणाऱ्या शनवारतेल्यांना धर्मातलं काय कळतंय म्हणून." "असंल रं," म्हणत आप्पांनी पट्टा सोडला आणि अवघडत डाव्या हाताला गुंडाळला. शोकाचे सात दिवस सरल्यावर दादाने तीच डबी स्वतःच्या डाव्या दंडावर बांधली. "गाठ हृदयाकडे हवी. ही बाहेर का येते?" त्याला मी कधीच उलटून बोलले नव्हते. म्हटलं, "डावखुऱ्याला उजवाच हात सांगितलाय, दादा. आप्पांची गाठ रोज हृदयाकडेच असायची. शेवटच्या वेळी तू फिरवलीस."