दिल्या घरची

पेणकडच्या जिते गावाजवळच्या आमच्या वाडीची लेक यमुना लग्न होऊन रोह्याला गेली, तिथून जिल्हा परिषदेत निवडून आली आणि पुढे खासदार होऊन थेट दिल्लीत परराष्ट्र खात्यात राज्यमंत्री झाली. परदेशातल्या गरीब गावांना आपल्या देशाची मदत पोचवायचं काम तिच्याकडे होतं. आफ्रिकेतल्या कितीतरी गावांत तिने पाणी आणलं. तिथल्या बायकांबरोबर डोक्यावर हंडा घेऊन काढलेले तिचे फोटो आम्ही टँकरच्या रांगेत उभे राहून मोठ्या कौतुकाने पाहिले.

पेणला सत्कार झाला तेव्हा तिच्या हौसाकाकीने भर मंडपात विचारलं, "यमे, आपल्या वाडीत नळ कवा येल गो?"

यमुनाताई गोड हसल्या. "काकी, लेकीच्या घरचं पाणी माहेरच्यांनी पिऊ नये, हे तूच शिकवलंस ना मला? मग रीत कशी मोडू?"

मंडपात टाळ्या पडल्या. काकीने त्यांची ओटी भरली.

पुढे निवडणूक लागली आणि या खेपेला चुरस अशी, की एकेका वाडीवर जीव टांगलेला. यमुनाताई दारोदार फिरत काकीच्या उंबऱ्याशी आल्या आणि पदर पसरून म्हणाल्या, "काकी, माहेरची मतं तरी लेकीलाच ना?"

काकीने त्यांना प्रेमाने कुंकू लावलं.


"तुझं कन्यादान कवाच झालं गो, यमे. मतदान आता सासरी माग."