खडीवर सायकल घसरली

नदीकाठच्या खडीच्या रस्त्याने तो पर्यटकांना सायकलवरून किल्ले दाखवायचा, आणि घरी आला की हवा भरायच्या लोखंडी पंपानेच बायकोला बडवायचा. कधी ओठ फाटायचा, कधी भुवई. एकदा तर मनगटच मोडलं. शेजारीण दारात चौकशीला आली की सासूबाई आतूनच ओरडायच्या, "खडीवर सायकल घसरली हो हिची! सांगून सांगून तोंड दुखलं माझं, ऐकेल तर शपथ!"

त्या सकाळी रस्ता तपासायला नवरा-बायको दोघंच आपापल्या सायकलवर निघाली. चढावर ती मागे पडली, म्हणून त्याने उतरून तिच्या पाठीत पंप घातला, तो तिच्या अंगावर भिरकावला आणि शिव्या देत पुढे निघाला. किल्ल्याखालच्या उतारावर तिने त्याला गाठलं आणि तोच पंप त्याच्या पुढच्या चाकाच्या तारांत खुपसला. तो हँडलवरून उडाला आणि तटाच्या दगडावर त्याचं डोकं नारळासारखं फुटलं. पंप तिने नदीत फेकून दिला.

दुपारी अंगणात सासूबाई इन्स्पेक्टरसमोर ऊर बडवत होत्या. "साहेब, हिनेच मारलं माझ्या लेकाला! नुसत्या खडीवर घसरून कुणाचं एवढं फुटतं का?"

शेजारणीने सुनेच्या भुवईवरच्या टाक्यांकडे एकदा नीट पाहिलं.



"असं काय करता मावशी? हिचं नाही का दर महिन्याला फुटायचं? तुम्हीच तर सांगायचात."