मधला भाग

“चांगला यानात बसला होता मेला, आणि पुढची सोळा पानं कोरी. गेला कुठे हा?” गल्ल्यामागे वेळ घालवायला कादंबरी उघडून बसलेल्या सासूबाई पुटपुटल्या.

सुनेनं पुस्तक हातातून ओढूनच घेतलं. मग फळीवरच्या प्रती उघडून पाहिल्या. सगळा गठ्ठाच तसा छापून आला होता. विज्ञानकथा-अद्भुतकथांचं तिचं एवढंसं दुकान तिच्या शब्दावर चालायचं, आणि ही कादंबरी तिनं आग्रह करकरून चाळीस जणांच्या गळ्यात मारली होती.

ती एकेकाला फोन लावत बसली. “बदलून देते हो. मधली पानं कोरी आलीत.”

“कोरी कसली? ती अंतराळातली शांतता आहे,” प्राध्यापक म्हणाले. “मी दोनदा वाचली.” डॉक्टरीणबाई म्हणे त्याच पानांवर रडल्या होत्या. वाचक मंडळाच्या अध्यक्षांनी तर त्या भागाच्या भाषेचं कौतुक केलं. चाळिसांतल्या एकालाही पुस्तक बदलून नको होतं.

शेवटचा फोन ठेवून ती पोट धरून हसली. “काय एकेक नग आहेत, आई. कुणी उघडूनसुद्धा पाहिलेलं नाही.”

सासूबाईंनी पदरानं चष्मा पुसला. “पण काही झालं तरी मधला भाग चुकवू नका, असं ज्याला त्याला तूच सांगत होतीस ना गं?”

सून सरळच असलेल्या प्रती पुन्हा सरळ करू लागली. फळीकडेच बघत म्हणाली, “मीही नाही वाचलेली, आई.”